एन्कोडरची तिसरी वायर: इंडेक्स सिग्नल चुकीचा जोडला की आटे का बिघडतात?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या वर्कशॉपमध्ये ईएन-८ स्टीलचा एक चांगला शाफ्ट वाया घालवला. अर्ध्या दिवसाचं टर्निंग झालेलं होतं, दोन्ही टोकं फिनिश होती, फक्त एका टोकाला एम-२४ चे, म्हणजे ३ मिलिमीटर पिचचे आटे पाडायचे राहिले होते. लेथ जुनं, पण कंट्रोलर नवा, आणि तो मीच बसवलेला. प्रोग्रामही माझाच. पहिला पास सुरेख गेला. दुसराही. तिसऱ्या पासला टूल आधीच्या चरीत जायच्या ऐवजी दोन चरींच्या बरोबर मधल्या उंचवट्यावर चढलं. चौथ्याला परत जुन्या चरीत. पाचव्याला पुन्हा मधे, आणि या वेळी एकदम जास्त माल खायला लागल्यामुळे इन्सर्टची टिप उडाली.

मामाने शाफ्ट काढला, पिच गेज लावून बघितला आणि म्हणाला, "अरे, पिच तर बरोबर आहे की. मग मधे ही दुसरी चर कुठनं आली?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना एन्कोडरच्या एका वायरबद्दल जे काही शिकलो, ते इथे सांगतोय. तुम्ही डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंग करत असाल, घरी छोटं सीएनसी बनवायचा विचार असेल, किंवा तुमच्याही कुणा काकाचं वर्कशॉप असेल, तर हे वाचून ठेवा.

आधी एन्कोडर म्हणजे काय ते पटकन बघू. माउसचं स्क्रोल व्हील फिरवलं की पान वरखाली होतं. आत एक छोटा एन्कोडर असतो. चाक किती फिरलं आणि कुठल्या दिशेला, एवढंच तो सांगतो. चाक "आत्ता कुठे आहे" हे त्याला अजिबात माहीत नसतं, आणि माउसला त्याची गरजही नसते. मशीनवरचा साधा, म्हणजे इन्क्रिमेंटल एन्कोडर असाच असतो. त्यातून ए आणि बी असे दोन सिग्नल येतात, एकमेकांपासून पाव सायकल सरकलेले. ए आधी आला तर एक दिशा, बी आधी आला तर उलटी. १००० लाइनचा एन्कोडर घेतला तर दोन्ही सिग्नलच्या चढत्या-उतरत्या सगळ्या कडा मोजून एका फेरीत ४००० काउंट मिळतात.

पण लेथवर आटे पाडताना "किती फिरलं" एवढं पुरत नाही. आटे एका पासमध्ये पडत नाहीत. टूल दहा-पंधरा वेळा त्याच चरीतून जातं, दर वेळी थोडं खोल. म्हणजे प्रत्येक पासला टूल निघताना चक त्याच कोनात असायला हवा. त्यासाठी एन्कोडरमध्ये तिसरा सिग्नल असतो, झेड किंवा इंडेक्स. पूर्ण फेरीत तो फक्त एकदा येतो, एका ठरलेल्या जागी. मोजणीला एक खूणगाठ.

मामाकडे एक जुने टर्नर आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी त्यांना इंडेक्स समजावून सांगायला गेलो, तर त्यांनी मला त्यांच्या साध्या लेथवरची थ्रेड डायल दाखवली. लीड स्क्रू फिरतो तशी ती डायल फिरते. तिच्यावरचा ठरलेला आकडा खुणेसमोर आला की अण्णा हाफ नट खटकन बसवतात आणि कॅरेज निघतं. चुकीच्या रेघेवर बसवला की आटे फाटले. ज्या लेथवर डायलच नव्हती तिथे ते हाफ नट सोडायचेच नाहीत, टूल मागे घेऊन मोटर उलटी फिरवून कॅरेज परत आणायचे. "तुझा तो इंडेक्स म्हणजे आमची डायलच की," असं म्हणून ते चहाला गेले. मी तीन दिवस मॅन्युअल वाचत होतो त्याचा सारांश त्यांनी एका वाक्यात सांगितला होता.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. आम्ही वापरलं ते लिनक्ससीएनसी. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत १९९० च्या दशकात त्याची सुरुवात झाली, तेव्हा नाव ईएमसी होतं. आज ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि जुन्या मशीनचा मूळ कंट्रोलर मेला की जगभरचे लोक हे बसवतात. त्याचा एक भाग आहे हॅल, म्हणजे हार्डवेअर अ‍ॅब्स्ट्रॅक्शन लेयर. कल्पना सोपी आहे. प्रत्येक घटकाला पिना असतात, आणि एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये "ही पिन त्या पिनला जोड" असं आपण लिहायचं. खऱ्या वायरऐवजी शब्दांची वायर. (फाइलमध्ये हे सगळं अर्थातच रोमन अक्षरांत लिहावं लागतं. इथे वाचायला सोपं जावं म्हणून नावं देवनागरीत देतोय.)

बहुतेक पिना एकदिशा असतात. एन्कोडरची 'पोझिशन' ही बाहेर जाणारी पिन, आणि स्पिंडलची 'रेव्हज' ही आत घेणारी. एकीकडून माहिती निघते, दुसरीकडे पोचते. पण 'इंडेक्स-एनेबल' नावाची पिन वेगळी आहे. ती दोन्ही बाजूंनी चालते, आणि नवीन माणूस हमखास अडकतो तो इथेच.

जिन्यातला दिवा आठवा, ज्याला खाली एक आणि वर एक असं बटण असतं. रात्री तुम्ही गच्चीवर जाताना आजी खालून दिवा लावते. तुम्ही वर पोचलात की वरचं बटण दाबून बंद करता. खाली बसलेल्या आजीला दिवा गेलेला दिसला की कळतं, पोरगा पोचला. हाक मारायची गरज नाही. एकच वायर, पण लावणारा एक आणि विझवणारा दुसरा.

इंडेक्स-एनेबल अगदी असंच काम करतं. थ्रेडिंगचा पास सुरू करायचा असला की मोशन कंट्रोलर ती पिन 'ट्रू' करतो, म्हणजे दिवा लावतो. एन्कोडरचा काउंटर ते बघतो आणि पुढच्या इंडेक्स पल्सची वाट बघत बसतो. पल्स आला की तो एकाच क्षणी दोन गोष्टी करतो: आपली मोजणी शून्य करतो आणि ती पिन 'फॉल्स' करतो. दिवा विझला. मोशन कंट्रोलरला कळतं की शून्य सापडलं, आणि तिथून तो स्पिंडलच्या फिरण्याला धरून टूल पुढे नेतो. जी-३३ असो, अनेक पासचं जी-७६ सायकल असो किंवा टॅपिंगचं जी-३३.१, सगळ्यांच्या मुळाशी ही देवाणघेवाण आहे.

म्हणून हॅल फाइलमध्ये लागते ती ओळ एकच: स्पिंडल-शून्यची इंडेक्स-एनेबल आणि एन्कोडर-शून्यची इंडेक्स-एनेबल, दोन्ही एकाच सिग्नलवर. मधे लोक दोन्हीकडे टोक असलेला बाण काढतात. तो फक्त आपल्याला वाचायला, सॉफ्टवेअर बाणांकडे बघतही नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर जुनी फाइल कॉपी करून तुम्ही डोकं धराल. २.८ आवृत्तीत पिनांची नावं बदलली. आधी स्पिंडलची इंडेक्स पिन 'मोशन' या नावाखाली होती, आता 'स्पिंडल-शून्य'खाली आहे. तसंच 'अ‍ॅक्सिस'चं 'जॉइंट' झालं. जुन्या नावाने जोडायला गेलात तर पिन सापडत नाही म्हणून लोडच होणार नाही.

माझी पहिली चूक मात्र याहून बाळबोध होती. मी ती ओळ लिहिलीच नव्हती. घरी लॅपटॉपवर सिम्युलेशनमध्ये सगळं छान चाललं होतं, कारण तिथे खोटा स्पिंडल असतो आणि तो स्वतःच इंडेक्स देतो. वर्कशॉपमध्ये जी-७६ चालवलं तर टूल सुरुवातीच्या जागी येऊन उभं. चक फिरतोय, कुठे एरर नाही, आणि मशीन गप्प. आजीने दिवा लावलेला होता, पण वरचं बटण वायरला जोडलेलंच नव्हतं. तुमचं मशीन थ्रेडिंगच्या आधी असं थांबून राहिलं तर पहिल्यांदा ही पिन बघा. दुसरी शक्यता 'अ‍ॅट-स्पीड' पिनची, म्हणजे स्पिंडल वेगात आलाय हे मशीनला कळलेलंच नाही.

दुसरी चूक मी केली नाही, पण करणार होतो. माझ्या डोक्यात आलं की झेड वायर सरळ एका साध्या इनपुटला लावू आणि तो इनपुट स्पिंडलच्या इंडेक्स-एनेबलला जोडू. इंडेक्सच तर हवाय ना! हॅल हे करूच देत नाही. ज्या सिग्नलवर एखादी बाहेर जाणारी पिन आधीच लिहिते आहे, तिथे दोन्ही बाजूंची पिन जोडायला गेलं की तो एरर देतो. तेव्हा मला राग आला होता, पण त्याचं बरोबर आहे. दिवा विझवायचा अधिकार मोजणाऱ्यालाच हवा, कारण मोजणी शून्य होणं आणि दिवा विझणं हे एकदमच व्हायला हवं.

आणि साधा इनपुट चालणार नाही याचं आणखी एक कारण आहे. जरा आकडेमोड करू. स्पिंडल ६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १० फेऱ्या. फेरीला ४००० काउंट, म्हणजे सेकंदाला ४०,००० काउंट, म्हणजे एक काउंट २५ मायक्रोसेकंदांचा. बऱ्याच एन्कोडरमध्ये इंडेक्स पल्सची रुंदी एवढीच, एका काउंटपुरती असते. लिनक्ससीएनसीचं मुख्य चक्र साधारण १ मिलिसेकंदाला एकदा फिरतं. १००० मायक्रोसेकंदांतून एकदा डोळा उघडणाऱ्याला २५ मायक्रोसेकंदांचा पल्स सरासरी चाळीस फेऱ्यांतून एकदा दिसेल. त्या १ मिलिसेकंदात चक ३.६ अंश फिरलेला असतो ते वेगळंच. म्हणून झेड वायर एन्कोडर मोजणाऱ्या हार्डवेअरच्या झेड टर्मिनललाच लावायची. आमच्याकडे मेसाचं कार्ड आहे, ते पल्स आला त्याच क्षणी हार्डवेअरमध्ये पकडतं. पॅरलल पोर्टवर काम करत असाल तर मोजणी सॉफ्टवेअरमध्ये, वेगवान बेस थ्रेडमध्ये होते, आणि तिलाही मर्यादा आहे. बेस थ्रेड ५० मायक्रोसेकंदांचा असला तर ४००० काउंटचा एन्कोडर कागदावरसुद्धा ३०० आरपीएमच्या वर जात नाही. तिथे १०० लाइनचा स्वस्त एन्कोडर जास्त कामाचा.

इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं. पिन जोडलेली, झेड योग्य टर्मिनलला, आरपीएम स्क्रीनवर बरोबर. (स्पिंडलची 'स्पीड-इन' पिन फेऱ्या प्रति सेकंद मागते, प्रति मिनिट नाही. हेही जाता जाता लिहून ठेवा.) तरी शाफ्ट गेला.

मला आधी संशय आला नॉइजचा. स्पिंडलच्या व्हीएफडीची केबल आणि एन्कोडरची केबल एकाच पट्टीतून गेली होती. असं झालं की झेड वायरवर खोटे पल्स येऊ शकतात. केबल वेगळ्या केल्या, शील्ड एका टोकाला अर्थ केली. काही फरक नाही. आणि खरं तर तेव्हाच लक्षात यायला हवं होतं: नॉइज असता तर टूल कुठेही गेलं असतं. इथे ते एकतर बरोबर चरीत जात होतं किंवा बरोबर मधे. तिसरी जागा नाही. चूक इतकी शिस्तीत वागत असेल तर तिच्यामागे काहीतरी मेकॅनिकल असतं.

शेवटी फोन काढला. चकवर खडूने एक जाड रेघ मारली. फोन ट्रायपॉडवर लावला, गार्ड बंद, चकपासून लांब. (फोन हातात धरून फिरत्या चकवर वाकू नका. लांब बाह्या, गळ्यातली आयडी कार्डाची दोरी, काहीही त्यात अडकलं तर माणूस खेचला जातो.) जॉब न लावता ३०० आरपीएमवर थ्रेडिंगचा प्रोग्राम हवेत चालवला आणि २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये रेकॉर्ड केला. सेकंदाला ५ फेऱ्या, म्हणजे एका फेरीत ४८ फ्रेम, एका फ्रेमला साडेसात अंश. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत, कॅरेज हलायला लागतं त्या फ्रेमला खडूची रेघ कुठे आहे ते बघितलं. पास एक: रेघ वर. पास दोन: वर. पास तीन: खाली. चार: वर. पाच: खाली.

बरोबर १८० अंश.

एन्कोडर स्पिंडलवर थेट बसत नव्हता म्हणून आम्ही टायमिंग बेल्टने जोडला होता. स्पिंडलवर ४० दातांची पुली आणि एन्कोडरवर हाताला लागली ती २० दातांची. म्हणजे स्पिंडलची एक फेरी झाली की एन्कोडरच्या दोन. हे मला माहीत होतं, म्हणून मी स्केलमध्ये ४००० ऐवजी ८००० टाकले होते आणि स्वतःवर खूश होतो. त्यामुळे आरपीएम बरोबर, पिच बरोबर. पण स्केल बदलून इंडेक्स बदलत नाही. एन्कोडर आपल्या प्रत्येक फेरीला एक पल्स देणारच, म्हणजे स्पिंडलच्या एका फेरीत दोन. त्यातला आधी जो येईल तो पकडून टूल निघत होतं. मामाच्या प्रश्नाचं उत्तर हेच: मी न सांगता डबल स्टार्टचे आटे पाडत होतो.

हे पाच मिनिटांत, शाफ्ट न घालवता सापडलं असतं. ड्राइव्हची मेन पॉवर बंद करायची, फक्त कंट्रोल आणि एन्कोडर चालू ठेवायचे. टर्मिनलवर हॅल-सीएमडी उघडायचं. सिग्नलवर 'सेट-एस' कमांडने इंडेक्स-एनेबल ट्रू करायचं ('सेट-पी' चालणार नाही, कारण पिन आता सिग्नलला जोडलेली आहे). मग चक हाताने हळूहळू फिरवायचा. एका फेरीच्या आत कुठेतरी ते आपोआप फॉल्स होतं आणि पोझिशन शून्यावर येते. तिथे बॉडीवर एक आणि चकवर एक खूण करायची. परत ट्रू, पण आता अर्धी फेरी पुढे नेऊन मग लावा. असं आठ-दहा वेळा, वेगवेगळ्या जागेपासून सुरुवात करून. दर वेळी खुणा समोरासमोर आल्या तर इंडेक्स चांगला. दोन जागी येत असेल तर पुलीचा रेशो बघा. पूर्ण फेरीत येतच नसेल तर झेडची वायर तुटली आहे, चुकीच्या टर्मिनलला आहे किंवा पुली उलटी, म्हणजे एन्कोडर स्पिंडलपेक्षा हळू फिरतोय. डिफरन्शियल एन्कोडरमध्ये झेड आणि झेड-बार उलटसुलट झाल्या तर सिग्नल उलटा दिसतो. मेसाच्या ड्रायव्हरमध्ये 'इंडेक्स-इन्व्हर्ट' सेटिंग आहे, त्याने पल्सची कुठली कड धरायची ते बदलता येतं. आणि त्याच वेळी हेही बघा की एम-३ च्या दिशेने एक फेरी फिरवल्यावर 'रेव्हज' बरोबर १ ने वाढतं. कमी होत असेल तर स्केलला वजा चिन्ह.

अक्षांच्या होमिंगलाही हाच इंडेक्स वापरतात, फक्त तिथे गोष्ट थोडी वेगळी आहे. लिमिट स्विच दर वेळी अगदी त्याच जागी तुटत नाही. म्हणून आधी स्विच शोधायचा आणि मग मोटरच्या एन्कोडरचा पुढचा इंडेक्स धरायचा. आयएनआय फाइलमध्ये 'होम-यूज-इंडेक्स' येस करायचं आणि जॉइंटची इंडेक्स-एनेबल एन्कोडरच्या इंडेक्स-एनेबलला जोडायची. इथे बेल्टचा रेशो असला तरी चालतो, कारण कुठला इंडेक्स धरायचा हे स्विच ठरवतो.

पण सापळा इथेही आहे. समजा ५ मिलिमीटर पिचचा बॉलस्क्रू थेट मोटरला जोडलाय, आणि नेमका स्विच तुटतो त्याच जागेजवळ इंडेक्स येतो. मग एखाद्या दिवशी स्विच केसभर आधी तुटला तर हा इंडेक्स मिळेल, केसभर नंतर तुटला तर पुढचा. मशीनला वाटतं होमिंग झालं, आणि टूल ५ मिलिमीटर चुकलेलं. हे रोज होत नाही, महिन्यातून एकदा होतं, म्हणूनच घातक आहे. कपलिंग ढिलं करून मोटर अर्धी फेरी फिरवा आणि परत घट्ट करा, किंवा स्विच थोडा सरकवा. इंडेक्स स्विचपासून साधारण अर्ध्या फेरीवर आला पाहिजे.

सर्व्हो लूपसाठी पीआयडी वापरत असाल तर त्यालाही एक इंडेक्स-एनेबल पिन असते, आत घेणारी. तीही त्याच सिग्नलवर टाका. इंडेक्स सापडला की पोझिशन एकदम शून्यावर उडी मारते. पीआयडीला हे आधी सांगितलं नाही आणि एफएफ-१ शून्य नसेल, तर त्याला ती उडी खरी वाटते आणि तो एका चक्रापुरता मोटरला झटका देतो. होमिंगच्या शेवटी 'टक्' असा आवाज येत असेल तर ही ओळ राहिली का ते आधी बघा.

आम्ही एन्कोडरवर ४० दातांची पुली बसवली, म्हणजे एकास एक. मग परत खडूची रेघ मारून हवेत प्रोग्राम चालवला. रेघ दर पासला वर, पण स्क्रीनवर आरपीएम १५०, आणि कॅरेज एका फेरीला ३ ऐवजी दीड मिलिमीटर चालतंय. पुली बदलली होती, फाइलमधले ८००० तसेच राहिले होते. या वेळी जॉब लावायच्या आधी सापडलं. ४००० केले, हाताने चक फिरवून दहा वेळा तपासलं, मग मामाने दुसरा शाफ्ट लावला. अण्णा आता रोज सकाळी त्या चकवर खडूची रेघ नवी करतात.